आहेर परत मागणारा इवाई

आमच्या व्याह्यांइतकी मला चारचौघांत मान खाली घालायला लावणारी व्यक्ती अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते रागावले नाहीत. "हळू बोला ईनबाई," एवढंच कुजबुजले, "मांगं तारेवर वेडा राघू बसून आहे." वेडा राघू हा हिरव्या रंगाचा, माश्या पकडून खाणारा एक छोटा पक्षी. मी मागे वळून पाहिलं. तो तारेवर शांत बसला होता आणि आमचे व्याही माझ्या दुकानातल्या युरियाच्या पोत्यांआड गुडघे टेकून, तोंडासमोर हातभर लांब कॅमेरा धरून बसले होते. दोघांत वेडा कोण, हे गिऱ्हाईक मला विचारत होतं.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. हे माझ्या मुलीचे सासरे. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, निवृत्त झाले आणि नालवाडीला मुलगा, सून, नात यांच्यासोबत राहतात. माझं सिंदी रेल्वे या गावी बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. शेती नवरा बघतो, गल्ला मी बघते. सोयरीक जमवताना आम्ही सगळी चौकशी केली होती. मुलाचा पगार, घर कोणाच्या नावावर, घरात कुणाला साखर आहे का. कॅमेऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "माणूस म्हणजे देव. फक्त पहाटे घरी सापडत नाई." आम्हाला वाटलं, फिरायला जात असतील, तब्येतीची काळजी घेणारा माणूस आहे. बियाण्याच्या पिशवीवर जे छापलेलं नसतं तेच शेवटी उगवतं, हे धंद्यात इतकी वर्षं काढून मला कळायला हवं होतं.

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे ते कुजबुजत. सुपारीच्या बैठकीतही त्यांनी देण्याघेण्याच्या सगळ्या गोष्टी अशा आवाजात केल्या की माझ्या दिराला वाटलं, यांच्या घशात काही गाठबिठ असावी. त्यानं आपुलकीनं नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं. तेव्हा व्याह्यांनी खुलासा केला. "जिंदगीभर डब्याडब्यात वरडलो, टिकट दाखवा, टिकट दाखवा. आता ज्याइच्यासोबत माहं उठणंबसणं आहे, त्याइले आवाज चालत नाई." त्याइले म्हणजे पाखरांना, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्या दिराला तेव्हा ते साधूबिधू वाटले आणि तो त्यांच्या पाया पडला.

जुन्या नोकरीची सवय मात्र गेलेली नाही. हिवाळ्यात तलावावर परदेशी बदकं उतरली की काठावर उभं राहून एकेकाकडे ते असं निरखून पाहतात, जणू आता जागा दाखवा म्हणतील. "पाहा ईनबाई, हिमालय ओलांडून आले, एकाजवळही टिकट नाई. पण वेळेवर आले. आपली गाडी आली होती कधी वेळेवर?" एखादा बगळा दुसऱ्याच्या जागेवर घुसला की ते मनापासून अस्वस्थ होतात. एकदा तर तलावाच्या काठी मी त्यांना एका पाणकावळ्याला "चला, सरका तिकडं" म्हणताना ऐकलं आहे. कुजबुजत, अर्थात.

माणसांचे फोटो ते काढत नाहीत. लग्नात माझ्या नवऱ्यानं हौसेनं म्हटलं, इवायांजवळ एवढा भारी कॅमेरा आहे तर आपल्या घरचेही चार फोटो होऊन जाऊ द्या. झाले. फोटो आले तेव्हा आम्ही सगळे गोल करून बसलो. मंगल कार्यालयाच्या आवारातल्या वडावर तांबट नावाच्या पक्ष्याचं बिऱ्हाड होतं. ते वरून, खालून, उजवीकडून, डावीकडून आलं होतं. नवरदेव एका फोटोत होता, तोही पाठमोरा, कारण तांबट त्याच्या फेट्याच्या वर बसला होता. माझी मुलगी कुठेच नव्हती. "माणसं पोज देतेत," व्याह्यांनी स्पष्टीकरण दिलं. "पाखरू पोज देत नाई. खोटेपणा नसते त्याच्यात." इवायांकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी पाहुण्यांना चहा विचारत फिरत होते.

त्यांचा वेष हा आणखी एक विषय. पानापानांचं चित्र असलेला शर्ट, तशीच पँट, तशीच टोपी, वरून मातकट घोंगडं. त्यांना वाटतं आपण दिसत नाही. पाखरांना ते दिसत नसतीलही. माझ्या गिऱ्हाइकांना दिसतात. माझं दुकान म्हणजे पंचक्रोशीच्या बातम्यांचं ठिकाण. फवारणीचं औषध घ्यायला आलेला माणूस आधी हळूच इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, "वहिनी, राग नका मानू, पण तुमचा इवाई आमच्या तुरीत पडून आहे. जिता आहे, मी पाह्यलं हलवून. मलेच म्हणे, चूप बस." दुसरा सांगतो, "आमचं कुत्रं भुकून भुकून थकलं, तुमचे इवाई बांधावरून हलले नाईत." आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीलाही ते आले होते. यायलाच पाहिजे, रीत आहे. पण स्मशानाजवळच्या नाल्यावर खंड्या मासे पकडतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून कॅमेरा गळ्यात. सरण पेटलं, लोक हात जोडून उभे राहिले, आणि मागून खटखटखटखट असा आवाज सुरू झाला. म्हाताऱ्याच्या मुलानं मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "काकू, बाबांचे फोटो कधी भेटतील?" काय सांगायचं त्याला?

आंजीचा प्रसंग मी माहेरी अजून सांगितलेला नाही. आंजी मोठी या गावाच्या बाजूला एका तळ्यावर बायका धुणं धूत होत्या आणि समोरच्या बेशरमाच्या झुडपातून लांबलचक नळकांडं बाहेर आलं. बायकांनी झुडपातून माणूस ओढून काढला. "काऊन हो बाप्पा, बायकाइचे फोटो काढून राह्यले? घरी लेकीबाळी नाईत का?" व्याह्यांनी घाबरून कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो दाखवले. प्रत्येकात जांभळी पाणकोंबडी होती आणि कडेला कुणाचा हात, कुणाचं लुगडं, कुणाची बादली. बायकांचा राग निवला, पण त्यातली एक जास्तच चिडली. "मंग माहा एकटीचाच चेहरा काऊन कापला? त्या कोंबडीपक्षा वाईट आहो का मी?" शेवटी ओळख पटवायला त्यांनी मला फोन लावला. "ईनबाई, जरा या बायाइले सांगा मी कोण आहो." मी सांगितलं. दुकानात पेरणीची गर्दी होती. सगळ्या गर्दीनं ऐकलं. त्या दिवशी मी सोयाबीनच्या पिशव्या खाली मान घालूनच दिल्या.

एवढं असून या माणसाचा राग धरता येत नाही, याचं कारण आमची नात आर्या. तिच्याशी बोलताना ते कुजबुजायचे नाहीत. ती नीट बोलायला लागली तेव्हापासून त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी. तिला साळुंकी आणि पवई यांतला फरक कळत होता, पण डावी-उजवी चप्पल कळत नव्हती. आजोबा सांगतील ते तिच्यासाठी शेवटचं. आई म्हणाली आज सुट्टी आहे, तरी ती आजोबांना विचारून खात्री करायची. आणि ते तिला कधी थाप मारायचे नाहीत. माहीत नसलं तर "मले नाई माहीत बाप्पा, पुस्तकात पाहू" म्हणायचे. मुलांना गप्प करण्यासाठी घरोघर जे खोटं बोललं जातं, ते त्या घरात फक्त त्यांनी कधी बोललं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुलगी आणि आर्या माझ्याकडे सुट्टीला आल्या होत्या. दुकानाच्या मागे माझं एक कागदी लिंबाचं झाड आहे, त्यात बुलबुलानं घरटं केलं होतं. वाटीएवढं, वरून उघडं, आत पिल्लं. आर्यानं फोनवर आजोबांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पानापानांचा शर्ट माझ्या दारात हजर. घरट्याचे फोटो काढू नयेत असा पाखरांचे फोटो काढणाऱ्यांत नियम आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. पण नात शेजारी उभी राहून "आजोबा, काढा ना" म्हणत होती, पिल्लं चोची वासून बसली होती आणि मधे एक फांदी येत होती. "ईनबाई, कात्री आहे का?" त्यांनी विचारलं. मी दुकानातली छाटणीची नवी कात्री काढून दिली. त्यांनी फांदी कापली, मग तिच्या शेजारची, मग वरची दोन, कारण उजेड नीट पडत नव्हता. फोटो झाला. आई तोंडात अळी घेऊन आलेली, पिल्लांच्या लालभडक चोची आणि मागे सोनेरी उजेड.

"आता वरून हिरव्या जाळीचा एक तुकडा बांधून देतो, उन्हाचं," ते म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, आधी जेवा. जाळी कुठं पळून जात नाही." इवाई दारी आला आणि जेवल्याशिवाय उठला, असं आमच्या घरी झालेलं नाही. आमरस होता, कुरडया होत्या, वर तूप. ते नाही म्हणत होते, माझा नवरा वाढत होता. मग कूलरपुढे सतरंजी घातली आणि जरा टेका म्हटलं. ते टेकले. बाहेर आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन होतं. सिमेंटच्या ओट्यावर पाय ठेवला तर चटका बसत होता. उन्हं कलली तेव्हा ते दचकून उठून मागे गेले. आम्ही सगळे झोपलेले. आर्या उठली तेव्हा घरटं रिकामं होतं आणि आजोबा झाडाखाली हाताची माती झटकत उभे होते. "उडून गेले," ते म्हणाले. आर्या नाचली. माझ्या नवऱ्यानं दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, आमच्या घरून बुलबुलाची पिल्लं उडाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाखरं उडतात.

दिवाळीच्या आधी आम्ही दुकान वाढवलं. उद्घाटनाला जावयानं आहेर म्हणून मोठी, काच लावलेली फ्रेम आणली. बुलबुलाच्या त्या फोटोची प्रत त्यानं वडिलांना न विचारता, परस्पर नागपूरहून करून आणली होती, पण दिली वडिलांच्या हातून, सगळ्यांसमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांचा चेहरा मला आठवतो. मी समजले, लाजले असतील. गल्ल्याच्या वर, बरोबर मधोमध, फ्रेम लागली. खत घ्यायला येणारा प्रत्येक माणूस मान वर करून म्हणायचा, "वा वहिनी, इवायांनी नाव काढलं." तुरीत पडणारा माणूस एका रात्रीत कलाकार झाला. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांनी मान वर करायला मिळाली होती.

पण आर्या दुकानात आली की फोटोसमोर उभी राहून विचारायची, "आजोबा, आता ते कुठं आहेत?" पहिल्यांदा ते म्हणाले, बुटीबोरीला. पुढच्या वेळी पुलगावला. रेल्वेच्या माणसाला स्टेशनांची काय कमी? पिल्लं हिंगणघाटला जाऊन आली, बल्लारशाला एक थांबलं, थंडीत एकाचं लग्न झालं. आर्याला नवरीचं नाव हवं होतं, तेही झालं. आम्ही सगळे हसायचो. मी मात्र हळूहळू पाहत होते की हे गृहस्थ माझ्याकडे आले की दुकानातून न येता मागच्या दारानं येतात, बसले तर भिंतीकडे पाठ करून बसतात आणि लिंबाच्या झाडाकडे जात नाहीत. हल्ली कॅमेराही गळ्यात नसायचा. म्हटलं, दोन माणसांनी कौतुक केलं तर इतका भाव?

मग एके दिवशी ते आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ईनबाई, एक मागाचं होतं. तो फोटो वापस द्या मले."

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्यात इवायानं आहेर परत मागणं म्हणजे सोयरीक मोडण्याच्या एक पायरी अलीकडची गोष्ट. माझ्या नवऱ्याच्या हातातली बशी तशीच राहिली. "काय चुकलं आमचं?" त्यानं विचारलं. व्याही म्हणाले, "तुमचं काई नाई." "मग?" ते तसेच उठून गेले. संध्याकाळपर्यंत मुलीचा रडत फोन आला. जावयाचा बापाशी अबोला. दुसऱ्या दिवशी गव्हासाठी युरिया घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "वहिनी, काय आहेर कमी केला होता का लेकीच्या लग्नात? वसूल करून राह्यले म्हणते इवाई." सिंदीत कापसाचे भाव उशिरा कळतात, असल्या गोष्टी नाही.

मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि नालवाडी गाठली. व्याही गच्चीवर एकटे होते. मी उभ्यानंच म्हटलं, "भाऊ, हे काय मांडलं तुम्ही? लोकांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. काय ते सरळ बोला."

ते सरळ बोलले. कुजबुजत नव्हे, तरी मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "ते उडाले नव्हते ईनबाई. उन्हानं मेले. सावली मीच कापली होती. मी उठलो तं चोची तशाच उघड्या होत्या त्याइच्या, फोटोत हायेत तशाच. माय बाजूच्या तारेवर बसून होती, तोंडात अळी घेऊन. मी गाडले झाडाखाली अन् पोट्टीले सांगितलं, उडाले. आता लोकं म्हणतेत, वा, काय फोटो आहे. अन् ते पोट्टी इचारते, आता कुठं हायेत."

मला आमरस आठवला. जाळी कुठं पळून जात नाही, हे माझं वाक्य आठवलं. ते मी तिथं बोलले नाही, त्यांनीही नाव काढलं नाही. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "फोटो मी काढून देते. पण त्यानं काय होणार? आर्याला सांगा."

"पोट्टी मले सोडून देईन."

"सोडलं तर सोडलं. लग्नापर्यंत आणलं तुम्ही. आता काय बाळंतपणं करणार आहात त्या पिल्लांची?"

त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. मला असल्या वेळी काय करायचं ते कळत नाही. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या.

त्यांनी आर्याला माझ्यासमोर सांगितलं. खुर्चीवर न बसता, खाली फरशीवर बसून. काही लपवलं नाही. कात्री, ऊन, झोप, माती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे बुटीबोरी खोटं?"

"हाव."

"अन् पुलगाव?"

"ते बी."

"बल्लारशा? अन् लग्न? अन् नवरीचं नाव?"

एकेक स्टेशन तिनं विचारलं आणि प्रत्येकाला ते हाव म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासणारा माणूस त्या एवढ्याशा पोरीसमोर खाली मान घालून बसला होता. मग ती उठली आणि आईच्या खोलीत गेली.

फ्रेम मी घरी येऊन उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि जावयाच्या हाती पाठवली. मुलगी-जावयाला खरं काय ते कळलं, माझ्या नवऱ्याला मी सांगितलं. बाहेर कुणाला नाही. भिंतीवर फ्रेमच्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिला आणि लोक त्याच्याकडे पाहून हसतात. "काय वहिनी, नेला शेवटी इवायांनी आहेर?" मी म्हणते, "हाव, नेला." एकदा चिडून मी व्याह्यांना म्हटलं, "तुम्हाला कंजूष म्हणतात हो गावभर. खरं सांगून टाकते एकदाचं." ते म्हणाले, "राहू द्या. वाईट म्हणतेत ते सोसते. चांगलं म्हणत होते ते सोसत नव्हतं." परवा मात्र त्यांनी स्वतःच मला हे लिहायला सांगितलं. दुसरा कोणी कात्री मागण्याआधी त्याच्या वाचनात आलं तर बरं, म्हणाले.

आर्या पुष्कळ दिवस स्कूटरवर बसली नाही. ते रोज पहाटे स्कूटर सुरू करून फाटकापाशी जरा वेळ थांबायचे आणि मग बंद करून आत यायचे. मुलगी खिडकीतून पाहून मला फोनवर सांगायची. थंडी सरता सरता एकदा ती आपणहून पुढे जाऊन उभी राहिली. आता जातात दोघं. मागच्या रविवारी मीही सोबत गेले होते, तळ्यावर. समोरच्या बाभळीवर काहीतरी निळं बसलं होतं. त्यांनी कॅमेऱ्याकडे हात नेला आणि थांबले. आर्या त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. रिकामे होते, कात्री नव्हती. तिनं नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. तोवर पाखरू उडून गेलं होतं. "जाऊ दे," ते म्हणाले, आणि आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.